बिबट्याची वाट

मार्च २०२४ च्या अखेरीस वसईच्या किल्ल्याजवळ एक बिबट्या दिसला. उर्दूत आपण त्याला तेंदुआ म्हणतो. सुमारे पंचवीस दिवसांनी तो वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. तोपर्यंत संध्याकाळी तिकडे जायला लोक भीत होते, आणि त्यांचे भिणे साहजिकच होते. पण त्याला घुसखोर म्हणण्यापूर्वी बिबट्याचे घर कोठे आहे, ते पाहा.

वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. तेथील सुमारे ८५ चौरस किलोमीटर जंगल २००३ साली अभयारण्य झाले. त्याच्या दक्षिणेला नागलाचे जंगल लागते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. नर बिबट्याला फिरायला मोठा मुलूख लागतो. २०२१ मध्ये 'महाराजा' नावाच्या बिबट्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला, तेव्हा कळले की तो या दोन्ही जंगलांत ये-जा करतो. मध्ये काय आहे? वसई-दिवा रेल्वेमार्ग आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता! एखादे वाहन भरधाव आले, की संपले.

आफ्रिकेतील गोरिलाचीही हीच अडचण आहे. शेतीसाठी आणि कोळशासाठी झाडे तुटतात, जंगलाचे तुकडे होतात. हरणासाठी लावलेल्या फासात गोरिलाचा हात अडकतो. आपल्याकडे रानडुकराच्या फासात बिबट्या अडकतो.

मग रस्ते बांधूच नयेत काय? तसे नाही. नागपूरजवळ पेंच येथे महामार्ग उंच बांधून खाली प्राण्यांसाठी रुंद वाटा ठेवल्या आहेत. वरून ट्रक धावतात, आणि खालून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत.