वजनकाटा आणि मोजपट्टी

अंगाने भरलेला मनुष्य खात्यापित्या घरचा समजला जातो, तर शिडशिडीत मनुष्याला मधुमेहाची भीती नाही असे मानले जाते. या दोन्ही समजुती तपासून पाहणे आता आवश्यक झाले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी शेकडा २४ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याच वेळी शेकडा सुमारे १९ स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. आरोग्याला धोका या दोन्ही टोकांना आहे.

वजनाचे प्रमाण

वजनाचा विचार उंचीच्या संदर्भात करावा लागतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. तो १८.५ पेक्षा कमी असणे हे कृशतेचे लक्षण होय. जगात सर्वसाधारणपणे २५ पासून पुढे वजन अधिक मानतात. भारतीयांसाठी मात्र २००९ मध्ये तज्ज्ञांनी ही मर्यादा २३ वर आणली. १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ व्यक्तीचे वजन त्यानुसार सुमारे ४८ ते ५८ किलो असावे.

पुण्याचे संशोधन

ही मर्यादा खाली का आणावी लागली, याचे उत्तर बव्हंशी पुण्यातील संशोधनात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. आपल्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश पण आतून मेदयुक्त अशी ही ठेवण जन्मापासूनच आढळते.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ होती. काट्यावर न दिसणारा हा फरक होय.

पोटाचा घेर

पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठणारी चरबी विशेष घातक असते. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. प्रमाणाबाहेर गेलेले वजन शेकडा ५ ते १० ने उतरले तरी रक्तातील साखर व रक्तदाब यांत सुधारणा होते.

दुसऱ्या टोकाला, कृश शरीरात क्षयरोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती कमी असते आणि कृश मातेच्या पोटी कमी वजनाचे बालक जन्मण्याचा संभव अधिक असतो. असेच बालक पुढे भराभर वजन वाढून स्थूल झाल्यास त्याला मधुमेहाचा धोका विशेष संभवतो.

गावाची जबाबदारी

तात्पर्य, मधुमेहाचा प्रतिबंध मातेच्या आहारापासूनच सुरू व्हावयास हवा. मुलींचे पोषण आणि गर्भवतींची वेळेवर नोंदणी याकडे ग्रामपंचायतींनी, तर मुलांच्या दैनंदिन खेळाकडे शिक्षकांनी लक्ष पुरविले पाहिजे. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. वजनकाट्याच्या जोडीला साधी मोजपट्टी वापरली, तर सडपातळ शरीरात दडलेला धोकाही वेळीच ध्यानात येऊ शकेल.