परदेशी पैशाची शाळा : बिल कुणाच्या नावावर?

शाळाखोल्यांचा विषय निघाला की सिरसाळ्याच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येते : पैसा बाहेरच्या देशांनी दिला, आपले काय गेले? आम्ही कापडाचे व्यापारी. माल कुठून आला आणि बिल कुणाच्या नावावर फाटले, हे पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

बीड जिल्ह्यात असा पैसा आला तो जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून. योजना १९९४ ची. स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असलेले जिल्हे त्यात घ्यायचे होते. दुसऱ्या टप्प्यात जालना, धुळे, गडचिरोली यांच्याबरोबर बीडचा नंबर लागला. खर्चाचा ८५ टक्के भार केंद्रावर, १५ टक्के राज्यावर. महाराष्ट्रासाठी केंद्राने आपल्या वाट्याला जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेचा आधार घेतला.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या गल्ल्यात श्रीमंत देशांची सरकारे साधारण दर तीन वर्षांनी भर घालतात. म्हणजे मूळ पैसा तिकडच्या करदात्याचा. पण भारताला मिळाले ते दान नव्हते, कर्ज होते. मुदत ३५ वर्षे, पहिली १० वर्षे मुद्दल मागायचे नाही. व्याज नाही, मात्र पाऊण टक्का सेवा-आकार. (याला बिनव्याजी म्हणावे काय, ते आलिमांना विचारावे, आम्ही फक्त आकडा सांगतो.) खरी मेख पुढेच आहे. फेड परकीय चलनात. १९९५ च्या सुरवातीला डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३ च्या वर गेला. उधारीच्या मालाचा भाव पैसे चुकवताना असा चढला, तर आमच्यासारख्याचे दुकान बसेल! हा बोजा केंद्राने आपल्याकडे ठेवला आणि जिल्ह्याला रक्कम अनुदान म्हणून पोचली. म्हणूनच ती गावात फुकटची वाटली.

शिवाय थैली एकदम मोकळी होत नसे. सुरवातीला थोडी उचल, पुढचे पैसे खर्चाचा हिशेब दाखवल्यावर. बांधकामावर आरंभी २४ टक्क्यांची मर्यादा होती. बाकी पैसा प्रशिक्षण, पुस्तके वगैरेंसाठी. राज्याने शिक्षणावरचा स्वतःचा खर्चही कमी करायचा नाही, ही अटच होती.

पुढे सर्व शिक्षा अभियान आले आणि २००४ पासून केंद्राने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. २०१८ पासून प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. आमच्या विवरणपत्रात तो दरसाल दिसतो. २०२० मध्ये 'स्टार्स' प्रकल्पासाठी जागतिक बँकेने ५० कोटी डॉलर मंजूर केले. सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. पण हे कर्ज जुन्या सवलतीचे नव्हे. बँक बाजारात रोखे विकून असा पैसा उभा करते, त्यामुळे व्याज द्यावेच लागते.

तेव्हा, पालक बांधवहो, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे समितीचे कामच आहे. पुढच्या बैठकीत किती रक्कम आली, कशावर गेली, पावत्या कुठे आहेत, हे विचारून घ्यावे.