धावणारे दिवे

अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळा नदीच्या काठी राहुरी हे तालुक्याचे गाव आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. परंतु गणेशोत्सवाच्या दिवसांत संध्याकाळी येथील पेठेतून हिंडणाऱ्या मुलांच्या मनात शेतीचा विचार नसतो. त्यांचे डोळे खिळलेले असतात ते मंडपाच्या कमानीवरून धावणाऱ्या दिव्यांवर. एका टोकाशी उजेडाचा ठिपका उमटतो, सळसळत कमान चढतो, दुसऱ्या बाजूने उतरतो आणि क्षणार्धात पुन्हा पहिल्या टोकाशी हजर होतो. जणू उजेडाचा पाठशिवणीचा खेळच चाललेला असतो. रंगमंचावरही हाच खेळ करतात. तेथील कारागीर त्याला ‘चेस’ म्हणतात. चेस म्हणजे पाठलाग.

या पाठलागात एक मोठी गंमत आहे. माळेतील कोणत्याही एकाच दिव्यावर नजर रोखून धरावी. तो दिवा जागचा तसूभरही हलत नाही. तो पेटतो, विझतो आणि पुन्हा पेटतो. एवढेच त्याचे काम. शेजारच्या दिव्याचेही तेच. धावणारी अशी वस्तू त्या कमानीवर नाहीच. मग धावते ते काय?

धाव असते ती पाहणाऱ्याच्या मनात. एक दिवा विझला आणि लगोलग शेजारचा पेटला, तर आपला मेंदू त्या दोन घटना निरनिराळ्या मानीत नाही. एकच उजेड येथून तेथे गेला, अशी तो समजूत करून घेतो. मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने या भासाचा अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध केला. पहिली रेघ नाहीशी होणे आणि दुसरी उमटणे यांमधील अवधी फार मोठा असला, तर दोन रेघा एकामागून एक आल्या असे दिसते. तो फारच लहान असला, तर दोन्ही एकदमच दिसतात. आणि या दोहोंच्या मध्ये एक असा अवधी असतो की, पाहणाऱ्याला एकच रेघ सरकल्याचा भास होतो. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१३ साली, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांनी पाहिला. त्यातील राजा पडद्यावर चालत होता, तोही याच भासाच्या बळावर. पडद्यावर पडत होती ती केवळ स्थिर चित्रे.

आता दिव्यांना धावण्याची दिशा कशी मिळते ते पाहू. एका माळेत दिव्यांचे दोनच गट केले आणि ते आळीपाळीने पेटवले, तर दिवे धावत नाहीत, नुसते लुकलुकतात. कारण प्रत्येक पेटणाऱ्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना नुकताच विझलेला दिवा असतो. उजेड डावीकडून आला की उजवीकडून, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. गट तीन केले, की प्रश्न सुटतो. पहिला, दुसरा, तिसरा आणि पुन्हा पहिला या क्रमाने गट पेटू लागले, की नुकताच विझलेला दिवा एकाच बाजूला राहतो आणि धाव एका दिशेने दिसते. म्हणून धावत्या माळेत निदान तीन निरनिराळ्या जोडण्या असाव्या लागतात.

संगणक नव्हते तेव्हा हे गट आळीपाळीने पेटवण्याचे काम एक लाकडी रूळ करी. रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. लहानशी मोटार तो फिरवी. पट्टी ज्या तारेच्या टोकाला शिवे, त्या तारेवरचे दिवे पेटत. पश्चिम बंगालमधील चंदननगर हे गाव रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांनी अशाच रुळांच्या साहाय्याने दिव्यांची चालती-बोलती चित्रे उभी केली. या युक्तीची थोरवी मान्य करावीच लागते. अडचण एवढीच, की दिव्यांचा क्रम बदलावयाचा झाला, तर पट्ट्या उचकटून पुन्हा ठोकाव्या लागत.

रंगमंचाची कथा थोडी निराळी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, तेव्हा विजेचे दिवे नव्हतेच. तेलाच्या दिव्यांवर काम भागवावे लागे. यात्रेतला तमाशा टेंभ्यांच्या व पुढे गॅसबत्तीच्या उजेडात रंगे. गॅसबत्तीला पाठशिवणी खेळावयास कोण लावणार! वीज आली, दिवा मंद-प्रखर करणारे डिमर आले, आणि प्रत्येक दिव्याची कळ मनुष्याच्या हाताखाली आली. तरीही हात दोनच होते.

ही उणीव संगणकाने भरून काढली. १९८६ साली अमेरिकेतील रंगभूमीच्या तंत्रज्ञांनी ‘डीएमएक्स ५१२’ नावाची पद्धत ठरवून दिली. तिच्यात एकाच केबलमधून ५१२ वाहिन्यांचे आकडे एकामागून एक जातात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण तेज. ही सगळी यादी सेकंदाला सुमारे ४४ वेळा वाचली जाते. वर्गात हजेरी घेताना सगळी नावे सगळ्यांना ऐकू येतात, पण ‘हजर’ म्हणतो तो ज्याचे नाव असेल तोच. त्याप्रमाणे प्रत्येक दिवा सर्व आकडे ऐकतो, मात्र आपल्या क्रमांकाचाच आकडा उचलतो.

समजा, राहुरीतील एका शाळेचे स्नेहसंमेलन आहे आणि त्यात कोळीनृत्य आहे. समुद्र कितीही दूर असला, तरी कोळीनृत्यावाचून संमेलन पार पडत नाही, हे सर्वश्रुत आहे! तेव्हा समुद्र रंगमंचावर आणावयाचा तो उजेडाचा. मागच्या आडव्या बांबूवर आठ दिवे टांगले आहेत. प्रत्येकाला तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्या लागतात. म्हणून पहिल्या दिव्याचा आरंभ १ पासून, दुसऱ्याचा ४ पासून, तिसऱ्याचा ७ पासून आणि आठव्याचा २२ पासून. दुसऱ्या दिव्यावर चुकून ४ ऐवजी ५ लावला, तर निळा मागताच तो हिरवा होऊन बसतो. कारण त्याचा प्रत्येक रंग शेजारच्या रंगाचा आकडा ऐकत असतो. संगणकावर कितीही डोके खाजवले तरी ही चूक तेथे सापडत नाही. ती शिडीवर चढल्यावरच सापडते.

आता संगणकावर चेस बांधावयाचा. ‘क्यूएलसी प्लस’ यांसारखी यासाठी लागणारी काही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. चेस हा टप्प्यांचा बनलेला असतो. पहिल्या टप्प्यात पहिल्या दिव्याचा निळा २५५ वर, दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या दिव्याचा. असे आठ टप्पे. उरलेले दिवे अगदी ० वर न नेता ४० च्या आसपास ठेवणे बरे. नाहीतर लाट पुढे जाते आणि नाचणारी मुले अंधारात राहतात. मग टप्प्यांचा प्रवास ठरवावा लागतो. आठव्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, आठव्यावरून उलट पहिल्याकडे यावे, की मनाला येईल तसे कोठेही उडावे? लाट येते आणि परत जाते; म्हणून येथे जा-ये करणारा क्रमच शोभतो.

एवढे झाले म्हणजे लाट झाली, असे नवशिक्याला वाटते. चेस सुरू करताच मात्र लाटेऐवजी बेडूकउड्या दिसू लागतात. याचे कारण दिव्यांच्या जातीत आहे. जुन्या दिव्यातील तार तापण्यास आणि निवण्यास थोडा वेळ घेई. तिच्यामुळे धाव आपोआप मऊ होई. एलईडी दिवा ताबडतोब पेटतो आणि ताबडतोब विझतो. तो मऊपणा आता वेळेचे आकडे घालून आणावा लागतो. प्रत्येक टप्प्याला तीन वेळा द्याव्या लागतात : उजळण्याची, टिकून राहण्याची आणि मावळण्याची. उजळण्यास ०.२ सेकंद व टिकण्यास ०.३ सेकंद दिले, म्हणजे टप्पा ०.५ सेकंदाचा झाला. आठ दिव्यांवरून एकदा जाण्यास ४ सेकंद लागतील. मावळण्यास मात्र ०.८ सेकंद द्यावेत. मग पुढचा दिवा उजळत असताना मागचा अजून मावळत असतो आणि उजेडामागे फेसासारखे शेपूट राहते. मावळण्याची वेळ ० ठेवली, तर दोन दिव्यांमध्ये अंधाराची खाच पडते व लाट तुटते.

चेस बांधण्यापेक्षा तो दुरुस्त करण्यातच कारागिराचा अधिक वेळ जातो. चौथा आणि पाचवा दिवा टांगताना अदलाबदल झाली असेल, तर लाट मध्येच ठेचकाळते; अशा वेळी दिवे न उतरवता संगणकावर चौथ्या व पाचव्या टप्प्यांची अदलाबदल केली तरी भागते. तालाची चूक याहून अवघड. ०.५ सेकंदाचा टप्पा म्हणजे मिनिटाला १२० टप्पे. गाण्याचा ठेका मिनिटाला ११८ मात्रांचा असला, तर फरक किती? दोनच! परंतु मिनिटाला दोन म्हणजे पंधरा सेकंदांत अर्धी मात्रा. आरंभी पावलाबरोबर उजळणारा दिवा पंधरा सेकंदांनी बरोबर दोन पावलांच्या मधोमध उजळू लागतो, आणि बिनचूक नाचणारी मुले प्रेक्षकांना चुकल्यासारखी दिसतात. दोष दिव्यांचा आणि बोल मुलांना! ढोलकी प्रत्यक्ष वाजत असली, तर ठेका मध्येच चढतो. तेथे आधी लिहिलेला कोणताच आकडा टिकत नाही. यासाठी संगणकावर ठेका देण्याची एक कळ असते. ढोलकीच्या थापेबरोबर ती चार-सहा वेळा दाबली, की टप्प्याची वेळ त्या अंतराप्रमाणे बदलते.

वेग वाढवण्याचा मोह येथेच होतो. तो आवरावा लागतो, याला गंभीर कारण आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील मुलांच्या एका चित्रमालिकेत तांबड्या व निळ्या उजेडाची फार जलद लुकलुक दाखवली गेली. ती पाहून सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती. काही जणांच्या मेंदूला अशी लुकलुक सोसत नाही आणि त्यांना झटके येतात. पुष्कळदा हे त्यांना स्वतःलाही आधी ठाऊक नसते. म्हणून पडदा असो वा रंगमंच, सर्व उजेड एकदम पेटवणे-विझवणे सेकंदाला तीन वेळांहून अधिक करू नये, असा दंडक जाणकार पाळतात. शाळेच्या मैदानावर पुढच्या रांगेत सर्वांत लहान मुले बसलेली असतात, आणि दिवे त्यांच्याच तोंडावर येतात.

नृत्य संपत येते. वल्ही मारणारे हात वर जातात, ढोलकी शेवटची थाप देते. पडद्याआड बसलेल्याचे बोट त्याच क्षणी कळेवर पडते; लाट थांबते आणि सगळ्या मुलांच्या चेहऱ्यांवर शांत, पांढरा उजेड येतो.