होडी ट्रॉलीवर बांधून नेताना

ठाणे जिल्ह्यातील खेड्यांना होडी नवी नाही. उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या काठी, तसेच कल्याणच्या दुर्गाडीपासून ठाण्याकडे जाणाऱ्या खाडीलगत पिढ्यानपिढ्या होड्या चालत आल्या आहेत. पाण्यात होडी कशी सांभाळावी हे येथील कोळी बांधवांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. परंतु हीच होडी रस्त्याने न्यावयाची झाली म्हणजे पुष्कळदा ती ट्रॉलीत चढवून, वरून एक दोर टाकून, घाईने हाकली जाते. ही घाई महागात पडू शकते.

पुराच्या वेळी होडी रस्त्यानेच न्यावी लागते. दि. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण-बदलापूर पट्ट्यास पुराचा मोठा तडाखा बसला. दि. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. तेव्हा बचाव पथके रबरी नौका घेऊन तेथे पोचली आणि सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. पाण्याने वेढलेल्या माणसाच्या दृष्टीने वाटेत उलटलेली किंवा तळ फुटलेली होडी ही नसल्यासारखीच होय. यास्तव होडी बांधण्याची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांनी आधीच समजून घ्यावी.

पेंढ्याचा भारा आणि होडी

गाडीवर पेंढा रचून वरून नाडा आवळणे शेतकऱ्यास अंगवळणी पडलेले असते. तथापि होडीस तीच रीत लागू पडत नाही. पेंढा दाबला जातो व दाबल्यामुळेच तो नाड्यास धरून राहतो. होडीचे अंग कठीण व गुळगुळीत असते आणि तळ निमुळता असतो. वरून टाकलेला एकच दोर तिला दाबून धरतो, पण घसरण्यापासून अडवीत नाही.

रस्त्यावर होडी चार दिशांनी हलू पाहते. ब्रेक लागताच ती पुढे येते, चढावर मागे सरकते, वळणावर बाजूला कलते आणि खड्ड्यात किंवा गतिरोधकावर वर उसळते. या चारही हालचाली वेगवेगळ्या बंधनांनी रोखल्या, तरच होडी व ट्रॉली एकजीव होतात. बांधणीचे सारे मर्म एवढेच आहे.

बैठक

प्रथम होडीतील पाणी पूर्णपणे काढावे. ४ मीटर लांब व १ मीटर रुंद तळावर केवळ १० सेंटिमीटर पाणी साचले, तरी ते ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो भरते. शिवाय ते हेलकावे घेऊन साऱ्या ओझ्याचा तोल बिघडविते. तळाचे बूच असल्यास वाटेत ते काढून ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाईल.

होडीचा भार तळाच्या मधल्या कण्यावर यावा. कण्याखाली आडवी लाकडे घालावीत व दोन्ही अंगांना टेकू द्यावेत. लाकडांवर जुन्या टायरचे रबर ठोकावे. पेंढ्याने भरलेली पोती या कामी वापरू नयेत. ती वाटेत दबतात आणि आवळलेला दोर आपोआप सैल पडतो.

जीपमागे जोडावयाच्या दुचाकी ट्रेलरवर होडी अशी ठेवावी की ओझ्यासह ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भार पुढील जोडणीवर येईल. भार मागे गेला तर ट्रेलर झोके खाऊ लागतो आणि जीपही त्याबरोबर ओढली जाते.

चार बंधने

पहिले बंधन अडसराचे. होडीच्या नाळेपुढे भक्कम आडवे लाकूड बसवावे व नाळ त्यास टेकवावी, म्हणजे ब्रेक लागला तरी होडी चालकाकडे येणार नाही.

दुसरे बंधन नाळेचे. नाळेच्या कडीतून दोर किंवा पट्टा घेऊन तो पुढे व खाली सांगाड्यास बांधावा. ट्रेलरवर पट्टा गुंडाळणारे विंच असेल, तरी केवळ त्यावर विसंबू नये. विंच होडी वर ओढून घेण्यासाठी असते. त्याच्या जोडीस एक स्वतंत्र साखळी असावी.

तिसरे बंधन पिछाडीचे. मागील दोन्ही कोपऱ्यांतील कड्यांतून दोन स्वतंत्र पट्टे खाली, शक्य तितके आखूड, घ्यावेत. एक तुटला तरी दुसरा टिकावा, म्हणून दोहोंसाठी एकच दोर वापरू नये.

चौथे बंधन मध्यावर आडवे. होडीवरून पट्टा घेऊन दोन्ही बाजूंस आवळावा व काठावर गोणपाटाची घडी घालावी.

सर्व बंधने ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्यास असावीत, फाळक्यास नव्हेत. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो व भिजल्यावर अधिकच लांबतो. काथ्याच्या दोरात तितकी ताकद नसते. खटक्याने आवळला जाणारा पॉलिएस्टरचा पट्टा सर्वांत चांगला. दोरच वापरावयाचा असल्यास निरगाठ मारावी. सुरगाठ धक्क्यांनी सुटू शकते.

इंजिन लहान असल्यास काढून वेगळे न्यावे. वल्ही, इंधनाचा डबा व इतर सामान होडीत मोकळे ठेवू नये आणि होडीत माणूस मुळीच बसवू नये. रबरी नौका उन्हात तापल्यास आतील हवा फुगते, म्हणून थोडी हवा कमी करून मगच पट्टे आवळावेत.

जोडणी व वाट

ट्रॅक्टरच्या जोडणीची खीळ पुरती बसली आहे व तिला खालून चावी घातली आहे, हे हाताने चाचपून पाहावे. जीपमागील ट्रेलरच्या दोन सुरक्षा साखळ्या जोडणीखाली फुलीप्रमाणे ओलांडून लावाव्यात. जोडणी सुटलीच, तर ट्रेलरचे तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर विसावते. होडीचे टोक मागे बाहेर येत असल्यास दिवसा लाल फडके व रात्री लाल दिवा लावावा.

निघाल्यावर एक-दोन किलोमीटरवर थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळावेत. पहिल्या धक्क्यांनी होडी आपली बैठक घेते व तेव्हाच बांधणी सैल पडते. कल्याण-शीळ मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर वेग बेताचाच ठेवावा. पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरून ट्रॉली नेऊ नये. होडी तेथे तरंगू पाहते आणि बांधलेल्या ट्रॉलीलाही उचलू लागते.

काठावर पोचल्यावर चाकांना दगडाची उटी द्यावी व बूच आठवणीने घट्ट बसवावे. मग पिछाडीचे व मधले पट्टे सोडावेत. नाळेचा दोर सर्वांत शेवटी सोडावा.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या गावाने याची एकदा तालीम घ्यावी. होडी कोणाची, ट्रॅक्टर कोणाचा, पट्टे कोठे ठेवले आहेत, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे. पुराच्या रात्री पावसात, अंधारात गाठ मारणाऱ्या हातास ती गाठ आधीच ठाऊक असली पाहिजे.