वखारीचं घनफूट आणि क्रेनचं टन-मीटर

जोराचा पाऊस झाला की पुण्यात अग्निशमन दलाचे फोन झाडपडीने खणखणतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा शहरभर झाडं आडवी झाली होती. त्यानंतरचं दृश्य तुम्ही पाहिलेलं असणार. करवतीने ओंडके पाडायचे, जेसीबीच्या बकेटने ढकलायचे किंवा हायड्राला दोर बांधून उचलायचे, आणि फांद्या माणसांनी ओढत टिपरमध्ये भरायच्या. या सगळ्या कामासाठी एकच गाडी असते: ग्रॅपल लोडर ट्रक. ट्रकवरच घडीची हायड्रॉलिक क्रेन आणि तिच्या टोकाला फिरणारा लोखंडी पंजा. दोर बांधायला ओंडक्याखाली कुणाला जावं लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा फायदा. पैसे आणि वेळ त्याच्यानंतर.

ही गाडी निवडायची कशी, हा प्रश्न मी संशोधनाच्या तयारीतल्या मुलांना मुद्दाम घालते. सगळे लगेच विचारतात, ‘किती टनांची क्रेन?’ हा प्रश्नच अर्धा आहे. क्रेनची ताकद टनात नसते, टन-मीटरमध्ये असते. १० टन-मीटरची क्रेन ८ मीटर अंतरावर ढोबळमानाने सव्वा टन पेलते. पंजा आणि त्याला फिरवणारा रोटेटर यांचं वजन बऱ्याचदा त्यातून आपल्यालाच वजा करायचं असतं. ते २५० किलो धरलं तर हातात राहिला १ टन. कॅटलॉगवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा सर्वांत जवळच्या अंतराचा असतो. आपल्याला लागतो तो गाडी रस्त्यावर आणि झाड कुंपणापलीकडे असतानाचा आकडा.

आता १ टन म्हणजे केवढा ओंडका? ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या आसपास, म्हणजे घनमीटरला १००० किलो धरून सुरुवात करा. जातीप्रमाणे कमीजास्त होईल, पण अंदाजाला पुरतं. ५० सेंमी व्यासाचा, २ मीटर लांबीचा ओंडका ०.३९ घनमीटर, म्हणजे जवळपास ३९० किलो. व्यास ८० सेंमी झाला की तेवढ्याच लांबीचा ओंडका थेट १ टन! व्यास दुप्पटही झालेला नाही, पण वजन अडीच पटींच्या वर गेलं, कारण व्यासाचा वर्ग होतो. वाळलेल्या लाकडाची घनता इथे वापरू नका. पुस्तकातल्या तक्त्यात सहसा तीच असते आणि नुकत्याच पडलेल्या झाडात पाणी भरपूर असतं.

इथे एक गंमत आहे, आणि मला ती या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. लाकडाच्या व्यवहारात गोल ओंडक्याचं माप काढायची जुनी रीत अशी: घेराचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. वरच्या ५० सेंमी व्यासाच्या ओंडक्याचा घेर १५७ सेंमी. चौथा भाग ३९.२५ सेंमी. हिशोब येतो ०.३१ घनमीटर. खरं घनफळ ०.३९. गुणोत्तर काढून पाहा, पाय भागिले चार, म्हणजे ०.७८५. ओंडका केवढाही असो, हा आकडा तोच राहतो. म्हणजे ही चूक नव्हेच, चौकोनी कापताना वाया जाणारं लाकूड धरून ठेवलेला तो संकेत आहे. व्यापाराला तो चालतो. पण तोच आकडा क्रेनवाल्याला दिलात, तर पंजात प्रत्यक्षात २७ टक्के जास्त वजन येईल. माप कशासाठी घेतलंय हे विचारल्याशिवाय दुसऱ्याचा डेटा उचलू नका, असं गाइड सांगतात ना, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

खडकवासल्यात हा मुद्दा आणखी वेगळ्या तऱ्हेने दिसतो. १९१६ साली सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था इथेच आहे. धरणांची आणि बंदरांची छोटी प्रारूपं बांधून अभ्यास करणं हे तिचं काम. लहान प्रारूपातून मोठ्याचा अंदाज बांधताना लांबीचा घात सांभाळावा लागतो, आणि झाडालाही तेच लागू. तशाच आकाराचं पण दुप्पट उंचीचं झाड आठपट जड. आडवं झाल्यावर बुंध्यापाशी त्याचा मोमेंट सोळा पट, कारण वजनाचं अंतरही दुप्पट झालं. छोट्या गुलमोहरावर जमलेली पद्धत मोठ्या पर्जन्यवृक्षावर तशीच चालवता येत नाही, ती यामुळे.

ट्रकचं गणित मात्र वेगळं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन अ‍ॅक्सलच्या सहाचाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन केली. त्यातून गाडी, हौदा, क्रेन हे सगळं वजा जाऊन उरेल तो माल. समजा ९ टन उरले. सुट्या फांद्या घनमीटरला १०० किलो भरतात असं धरा. १५ घनमीटरच्या हौद्यात दीड टनच बसला, गाडी ‘भरली’ पण वजनाने जवळजवळ रिकामी. त्याच हौद्यात ओंडके रचले, ६० टक्के जागा लाकडाने व्यापली, की ९ टन पूर्ण. म्हणून फांद्यांचं काम जास्त असेल तर उंच हौदा आणि फांद्या दाबू शकणारा पंजा बघायचा. ओंडकेच असतील तर अ‍ॅक्सल बघायचा. दोन्हींसाठी एकच गाडी घेणं म्हणजे तडजोड, आणि महापालिकांना ती बहुधा करावीच लागते.

चालवताना खरा धोका जमिनीचा. क्रेनच्या एका पायावर ५ टन आले आणि पायाची पाटी ३० बाय ३० सेंमी असेल, तर दाब चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो. खाली ६० सेंमीची जाड फळी टाकली की तो चौथा भाग होतो, दीड किलोच्याही खाली. पुण्यात पाइप नाहीतर केबलसाठी खणून बुजवलेला चर कुठे नाही? पाऊस पडून तो पोकळ झालेला असतो. खडकवासल्यातून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या भरावावर तर पाय टेकवूच नये. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरलं होतं. त्याचा क्रेनशी काही संबंध नव्हता, पण भराव म्हणजे खडक नव्हे एवढं त्यातून लक्षात राहतं.

बाकी गोष्टी पटकन. झाडात अडकलेली वीजवाहिनी महावितरणने बंद केल्याशिवाय बूम उघडायची नाही. ओंडका पंजाने आडवा ओढायचा नाही, बूम उचलण्यासाठी असते. उभं झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. आणि खाली सोडताना झटका नको: सेकंदाला १ मीटर वेगाने उतरणारा ओंडका ०.२ सेकंदात थांबवला, तर तेवढ्यापुरतं क्रेनला वजन दीडपट जाणवतं. चार्टमध्ये बसणारा ओंडका इथेच चार्टबाहेर जातो.

यातून छोटासा अभ्यास करायचा असेल तर पंजाच्या वर लोड सेल लावा आणि प्रत्येक ओंडक्याची जात, लांबी, घेर, वजन आणि झाड पडल्यापासूनचे तास लिहा. ओल्या लाकडाची घनता दिवसागणिक कशी घटते ते त्यातून निघेल. बुंध्याचा ओंडका मुळाकडे फुगलेला असतो, तेव्हा घेर टोकाला नाही, मध्यावर मोजा. ओंडका पोकळ असला तर तसं वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर घनता कमी दिसेल आणि कारण कळणार नाही.