हुकमी चढाईपटू गेल्यावर

पहाटे 5.15

जूनचा शेवटचा आठवडा. रात्रभर रिपरिप झाल्यामुळे मातीच्या मैदानावर आज पाय ठरणार नाही, म्हणून पोरांना शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं आहे. आमच्या मंडळाचा हुकमी चढाईपटू मे महिन्यात पोलीस दलात लागला. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे आणि त्याने ते घामाने कमावलं. त्याच्या घरी पेढे वाटले तेव्हा अख्खी आळी गोळा झाली होती. मंडळाने असंच पोरगं घडवावं, त्याला नोकरी लागावी आणि त्याने जावं, हीच आमची इच्छा असते. पण दिवाळीनंतर गावोगावच्या स्पर्धा सुरू होतील, तेव्हा त्याच्या जागी चढाईला कोण जाणार, हे या पावसाळ्यातच ठरवायचं आहे.

सुरुवात पायांपासून. दोरीच्या उड्या, बैठका, मग शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून धावणं, तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालू ठेवून. चढाई 30 सेकंदांची असते. तेवढा वेळ दम टिकला पाहिजे, शिवाय डोकंही शांत राहिलं पाहिजे. विसाव्या सेकंदाला कोणाची नजर भिरभिरायला लागते, ते मी कडेला उभा राहून बघतो.

सकाळी 6.30

फरशीवर खडूने रेषा आखल्या. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकलेला हवा आणि त्याच वेळी दुसरा हवेत. गेलेला गडी हे झोपेतही करायचा. तो डावखुरा होता. खांदा एका बाजूला झुकवायचा, समोरचा उजवा कोपरा अर्धं पाऊल मागे सरायचा आणि तेवढ्या फटीत याचा पाय टेकून परतही आलेला असायचा.

आज तिघांना आजमावतोय. पहिला उंच आहे, हात लांब, पण वळताना जड पडतो. दुसरा बुटका आणि चपळ. साखळी जवळ आली की बेधडक तिच्याखालून डुबकी मारतो. तिसरा खरं तर मध्यरक्षक. तो चढाईला फार जात नाही, पण गेला तर सहसा पकडला जात नाही. तिघांची घडण निराळी. गेलेल्याची नक्कल करायला मी एकालाही सांगणार नाही.

सकाळी 8.00

वजनकाटा. पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा आहे, कुमार गटाला 70. उंच पोरगं अजून कुमार गटात बसतं, पण काटा 70 च्या अलीकडे-पलीकडे डोलतोय. चाचणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून वजन उतरवायचा प्रकार मी चालू देत नाही. असं पोरगं मैदानात उतरतं खरं, पण दुसऱ्या डावात त्याच्या पायात गोळे येतात. त्याला आहार लिहून दिला: नाचणी, अंडी, दूध, शेंगदाणे. आपल्या भागात दुधाला तोटा नाही. शेजारची भिलवडी तर दुधाच्या धंद्यावरच नावारूपाला आली.

दुपारी 1.30

शाळेतले तास संपले. डबा खाऊन गेल्या हंगामाची गुणपत्रकं पसरली. गुणलेखकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा काही ठिकाणी पुसट झाल्यात, पण वाचता येतात. गेलेल्याचे गुण किती, एवढंच बघून भागत नाही. ते कसे आले, हे बघायचं.

एका बाजूला बोनस मांडले, दुसऱ्या बाजूला हात लावून मिळवलेले गुण. बोनसने गुणफलक हलतो, पण बाहेर बसलेला गडी आत येत नाही. गडी बाद केला तरच आपला एक जण परत येतो. मग तिसऱ्या चढाईच्या खुणा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. आमच्या जवळजवळ सगळ्या तिसऱ्या चढाया एकट्याच्या खांद्यावर होत्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी दिसली. तो पकडला गेला की पुढची काही मिनिटं आमचा रकाना कोराच. त्याला आत आणायला गुण लागायचा आणि तो गुण आणणारा दुसरा कोणी नव्हता. आम्ही हरलेल्या सामन्यांत समोरच्यांनी आमच्यावर बहुतेक लोण तेव्हाच चढवले. म्हणजे उणीव तो गेल्यावर पडली नाही. तो असतानाही होती, त्याच्या खेळाखाली झाकलेली होती.

दुपारी 4.00

पलूसबाहेरच्या एका द्राक्षबागेत गेलो. बुटक्या पोराचे वडील वेलींचे शेंडे मारत होते. हात न थांबवता म्हणाले, “सर, खेळू दे की, माझं काय न्हाई. पण फळछाटणीच्या टायमाला त्यो मला लागतोय.” त्यांचं बरोबर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेला माणूस लागतो, तेव्हा कोणत्याही बापाला पोरगं मैदानावर सोडणं परवडत नाही. त्या दिवसांत त्याने फक्त पहाटे यावं, संध्याकाळी बागेत राहावं, असं आमचं ठरलं.

मध्यरक्षक अंकलखोपचा. कृष्णेला पाणी चढलं की भिलवडीकडचा पूल बंद होतो. 2019 चा महापूर इथे कोणी विसरलेलं नाही. त्याला घरी करायचा व्यायाम आताच लिहून दिला. संघ बांधताना बाग आणि नदी दोन्ही हिशेबात धराव्या लागतात.

संध्याकाळी 6.30

मॅटवर सराव. आज एकच नियम: कोणीही सलग दोन चढाया करायच्या नाहीत. सुरुवातीला पोरं गोंधळली, मग हळूहळू रंग चढला. उंच पोराला डाव्या कोपऱ्याने घोटा पकडून दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा त्याने पाय पुढे टाकलाच नाही. कोपरा खाली झुकेपर्यंत थांबला आणि लांब हात त्याच्या खांद्याला लावून मागे फिरला. शेडमध्ये एकच कालवा झाला. तो सूर त्याचा स्वतःचा होता, कोणाची नक्कल नव्हती.

रात्री 8.30

मंडळाची बैठक. एकाने सुचवलं, वर्गणी काढू आणि बाहेरचा नावाजलेला चढाईपटू आणू. विचार मनापासूनचा होता, म्हणून मीही सविस्तर उत्तर दिलं. प्रो कबड्डीत 2018 च्या हंगामात चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबासाठी चढाईत 218 गुण घेतले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना नेलं. यू मुंबाने बचाव भक्कम ठेवला, चढाया वाटून दिल्या आणि 2019 मध्ये उपांत्य फेरी गाठली. परदीप नरवाल 2021 मध्ये 1 कोटी 65 लाखांना यूपी योद्धाकडे गेला. त्याच्याविना पाटणा पायरेट्स त्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचले आणि दिल्लीकडून अवघ्या एका गुणाने हरले. त्यांच्याकडे चढाईला तिघं-चौघं होते आणि मागे पोलादी बचाव.

जुने खेळाडू आण्णा शेवटी बोलले, “सर म्हणत्यात ते खरं हाय. भाड्याचा गडी बक्षीस घिऊन जाईल, आन आपली पोरं कडेला बसून टाळ्या वाजवतील.” शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशीलिंग आडके 2015 मध्ये प्रो कबड्डीचा सर्वोत्तम चढाईपटू ठरला. तोही गावाच्या मातीतच आधी चढाईला गेला होता.

रात्री 10.00

वहीत निर्णय उतरवला. बाहेरचा चढाईपटू आणायचा नाही. पहिली चढाई बुटक्याची, बोनसची जबाबदारीही त्याचीच. समोर तीन-चार गडी उरले की उंच पोरगं. तिसरी चढाई तिघांनी आळीपाळीने. मध्यरक्षकाने सामन्यात ठरावीकच चढाया करायच्या, कारण पकडीत तो आम्हाला जास्त हवा. वर्गणीच्या पैशातून आधी मॅटच्या फाटलेल्या पट्ट्या बदलायच्या, मग गुडघ्याच्या पट्ट्या घ्यायच्या.

तालुक्यातल्या सगळ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमचा हुकमी गडी नोकरीला लागला तर त्याचा जाहीर सत्कार करा, आणि दुसऱ्याच दिवशी गुणपत्रकं उघडून बसा. त्याच्यासारखा दुसरा शोधत फिरू नका. त्याचं ओझं तीन खांद्यांवर वाटा आणि आपल्याच पोरांना चढाईला पाठवा.