पाटकरांची खिडकी

दिवाळीच्या दिवसांत दौंड जंक्शनच्या फलाटावर मनमाडकडच्या गाडीची वाट बघणारा माणूस ‘आवाज’चा दिवाळी अंक घ्यायचा तो इकडेतिकडे बघून, वर ‘किर्लोस्कर’ नाहीतर ‘हंस’ ठेवून. तिकडे घोडनदीला, म्हणजे शिरूरला, वाचनालयातला ‘आवाज’ महिनाभरात ओळखू येई: बाकीची पानं कोरी करकरीत आणि खिडक्यांच्या कडा मात्र बोटं लागून काळ्या.

‘मनोरंजन’कार का. र. मित्रांनी 1909 साली दिवाळी अंकाची वाट पाडली. त्या वाटेवर विनोद होताच, पण तोंडी लावण्यापुरता. मधुकर पाटकरांनी 1951 मध्ये निव्वळ विनोदाचा ‘आवाज’ काढला आणि पुढची कैक वर्षं चालवला. वि. आ. बुवा, रमेश मंत्री यांच्यासारखे लेखक त्यात लिहीत. पण अंक हातात आला की लोक आधी खिडकी शोधत.

खिडकी म्हणजे पानाला पाडलेला चौकोन. त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो. समजा, ओले केस आणि उघडी पाठ. वाचक मनातल्या मनात उरलेलं चित्र पुरं करतो, घाईनं पान उलटतो, तर नदीवर आंघोळ करणारे जटाधारी बुवा! चावटपणा कागदावर नसतोच, तो वाचकाच्या डोक्यात असतो. संपादक नामानिराळा. ही गंमत साधायला कातर नेमक्या जागी बसावी लागते. चौकोन थोडा जरी सरकला तरी बुवांची दाढी आधीच डोकावते आणि विनोद मेला. अमेरिकेत ‘मॅड’ मासिकानं 1964 पासून पानाला घडी घालून चित्र बदलण्याची करामत केली. तिथं रोख बहुधा राजकारणावर नाहीतर चालू घडामोडींवर. पाटकरांनी पांढरपेशा सभ्यतेलाच चिमटा काढला.

बाईच्या देहाचं आमिष किती वेळा लावायचं, हा आक्षेप मात्र खराच आहे. पुष्कळ खिडक्या त्या एकाच गळावर चालल्या, आणि आज चाळताना काही नुसत्या शिळ्या वाटतात. ज्ञानेश सोनारांसारख्या चित्रकाराच्या हाती गेली की तीच युक्ती पुन्हा ताजी व्हायची. पाटकरांमागे त्यांचे चिरंजीव भारतभूषण यांनी अंक चालू ठेवला, खिडकीसकट.